पाठवणीचा खर्च

आमची भाची अमेरिकेत जन्मली आणि तिथेच वाढली. शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलं तेव्हा तिच्या हातात दोन विद्यापीठांची प्रवेशपत्रं आली. एक तिच्या स्वतःच्या राज्याच्या विद्यापीठाचं, दुसरं शेजारच्या राज्याच्या विद्यापीठाचं. दोन्ही सरकारी, दोन्हीकडे विषय तोच. फी मात्र दुसरीकडे जवळजवळ तिप्पट. आमच्या आपाने आणि दुल्हाभाईंनी कागद-पेन्सिल घेऊन चार रात्री हिशेब केला. खोलीभाडं, जेवण, येण्याजाण्याचं भाडं, पुस्तकं, कर्जाचं व्याज. हिशेब जुळेना तेव्हा भाचीने आम्हाला फोन केला.

"मामू, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात. मला एवढंच सांगा, सरकारी म्हणजे सरकारी ना? मग नदीच्या अलीकडे राहणाऱ्या मुलीला एक दर आणि पलीकडे राहणाऱ्या मुलीला तिप्पट, हे कसं?"

आम्ही तिला पुस्तकी उत्तर दिलं. अमेरिकेत उच्च शिक्षणाचा भार मुख्यतः राज्यांनी उचलला. १८६२ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. त्यानुसार काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्यामागे तीस हजार एकर या प्रमाणात राज्यांना सरकारी जमीन मिळाली आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं उभी राहिली. पुढे त्यांचा रोजचा खर्च राज्याच्या तिजोरीतून चालू लागला. तिजोरी कराने भरते. म्हणून ज्याचे आईबाप या राज्यात कर भरतात त्याला कमी फी, बाहेरून येणाऱ्याला जास्त, असं हे गणित. कनेटिकट राज्याने तर असा नियम केला होता की जो विद्यार्थी अर्ज करताना बाहेरचा होता, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच धरायचा. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. आपण आता इथलेच झालो आहोत, हे सिद्ध करायची संधी तरी विद्यार्थ्याला द्या, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मात्र दोन दर ठेवण्याचा राज्यांचा हक्क त्याने मान्य ठेवला.

भाचीचं समाधान झालं. आमचं झालं नाही. कारण हे सांगता सांगता आम्हाला त्याच देशातला एक जुना खटला आठवला. त्यात राज्य बाहेरच्या मुलाकडून जादा फी मागत नव्हतं. आपल्याच मुलाची फी भरून त्याला बाहेर पाठवत होतं. परराज्यातल्या विद्यापीठात जाण्याचा खर्च किती, हा प्रश्न तिथे एका घरापुरता नव्हता. तो थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तोलला गेला.

सैनिकांची शाळा

मिसुरी हे अमेरिकेच्या मधोमध असलेलं राज्य. तिथे गुलामगिरी होती. १८४७ साली तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की कृष्णवर्णीयांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा आहे. यादवी युद्ध झालं. त्यात लढलेल्या कृष्णवर्णीय पलटणींतल्या सैनिकांनी छावणीत अक्षरं गिरवली आणि युद्ध संपल्यावर आपल्या पगारातून वर्गणी काढून १८६६ साली जेफरसन सिटी या गावी एक शाळा सुरू केली. तिचं नाव लिंकन इन्स्टिट्यूट. शिपायाच्या तुटपुंज्या पगारातून शाळा उभी राहावी, ही गोष्ट जगाच्या शैक्षणिक इतिहासात फारशी आढळत नाही.

मिसुरी राज्याचं स्वतःचं विद्यापीठ त्याही आधीचं, १८३९ सालचं, कोलंबिया या गावातलं. (न्यू यॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ निराळं.) त्या विद्यापीठाला सर्वांच्या करातून पैसा मिळे. कृष्णवर्णीय धोब्याच्या, मोलकरणीच्या, शेतमजुराच्याही. त्यांच्या मुलांना मात्र तिथे पाऊल टाकता येत नसे.

१९२० साली वॉल्थॉल मूर हे मिसुरीच्या विधिमंडळातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य निवडून आले. त्यांनी आणलेल्या विधेयकामुळे लिंकन इन्स्टिट्यूटचं लिंकन विद्यापीठ झालं. कागदावर त्याला गोऱ्यांच्या विद्यापीठाच्या बरोबरीचा दर्जा द्यायचा होता. पण दर्जा कागदावर देता येतो, इमारती आणि प्राध्यापक कागदावर उभे राहत नाहीत. म्हणून त्याच कायद्यात एक कलम घातलं गेलं. लिंकन विद्यापीठाची पूर्ण वाढ होईपर्यंत, जे विषय मिसुरी विद्यापीठात शिकवले जातात पण लिंकनमध्ये नाहीत, ते शिकायला कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला शेजारच्या राज्याच्या विद्यापीठात पाठवावं आणि त्याची वाजवी फी राज्याने भरावी.

वरवर पाहिलं तर काय वाईट? पोराला शिकायला मिळतं आणि फी सरकार भरतं. आपल्याकडच्या कित्येक बापांनी हा कागद कपाळाला लावला असता. पण कलमात फक्त फीचा उल्लेख होता. आगगाडीचं भाडं, खोली, जेवण यांचा नव्हता. 'पूर्ण वाढ होईपर्यंत' या शब्दांना तारीखही नव्हती.

पन्नास शिष्यवृत्त्या

मिसुरीने दाखवलेली वाट दक्षिणेकडच्या इतर राज्यांना सोयीची वाटली. १९३५ साली व्हर्जिनिया विद्यापीठाने ॲलिस जॅक्सन या कृष्णवर्णीय मुलीला एम. ए.साठी प्रवेश नाकारला आणि पुढच्याच वर्षी राज्याने बाहेर शिकणाऱ्यांना पैसे देण्याचा कायदा केला. ती मुलगी त्या पैशांवर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकली. याच विद्यापीठात त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा तरुण शिकून गेला होता.

मेरीलँड राज्याने १९३५ साली दहा हजार डॉलर मंजूर केले. प्रत्येकी दोनशे डॉलरच्या पन्नास शिष्यवृत्त्या. अर्जाचे कोरे नमुने मागणाऱ्यांची संख्या साडेतीनशेच्या पुढे गेली. त्याच सुमारास बाल्टिमोर शहरातल्या डोनाल्ड मरे या पदवीधराला राज्याच्या विधी महाविद्यालयाने नाकारलं. त्याचा खटला चालवणाऱ्या वकिलांपैकी एक होते थर्गुड मार्शल, त्याच शहरातले. मार्शल यांचं स्वतःचं शिक्षण कसं झालं ते पाहण्यासारखं आहे. घराजवळचं सरकारी विधी महाविद्यालय त्यांना बंद होतं. म्हणून ते रोज पहाटे आगगाडी पकडून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जात आणि रात्री परत येत. फीसाठी त्यांच्या आईने लग्नाची आणि साखरपुड्याची अंगठी गहाण टाकली. आपल्या घरांत पोराच्या परीक्षेच्या फीसाठी सोनाराकडे गेलेल्या पाटल्या आणि बाल्टिमोरच्या त्या माउलीच्या अंगठ्या यांत आम्हाला फरक दिसत नाही.

मेरीलँडच्या अपील न्यायालयाने जानेवारी १९३६ मध्ये मरेच्या बाजूने निकाल दिला. ज्याला बाल्टिमोरमध्ये वकिली करायची आहे त्याने बाल्टिमोरची न्यायालयं पाहत शिकणं आणि दूर कुठेतरी शिकणं सारखं नाही. शिवाय शिष्यवृत्ती मिळेलच याची खात्री नाही आणि मिळाली तरी राहण्या-जाण्याचा बोजा उरतोच. थोडक्यात, न्यायालयाने आमच्या दुल्हाभाईंसारखाच हिशेब मांडला आणि तो जुळत नाही असं सांगितलं. मरेला प्रवेश मिळाला आणि १९३८ साली तो वकील होऊन बाहेर पडला.

पण या निकालात एक फट राहिली होती. उद्या एखाद्या राज्याने शिष्यवृत्त्या भरपूर ठेवल्या, गाडीभाडंही दिलं, तर? हिशेब जुळला तर अन्याय संपला का? हा प्रश्न मिसुरीत सुटायचा होता.

लॉइड गेन्सचा अर्ज

लॉइड गेन्सचा जन्म १९११ साली मिसिसिपी राज्यातल्या वॉटर व्हॅली या गावी झाला. वडील लवकर गेले. आई मुलांना घेऊन मिसुरीतल्या सेंट लुईस शहरात आली. पोरगा हुशार निघाला. शाळेत पहिला आला, निबंधाच्या स्पर्धेत अडीचशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळवली आणि सैनिकांनी काढलेल्या त्या लिंकन विद्यापीठातून इतिहास घेऊन १९३५ साली पदवीधर झाला. त्याला वकील व्हायचं होतं. लिंकनमध्ये कायद्याचं शिक्षण नव्हतं. त्याने मिसुरी विद्यापीठाकडे अर्ज केला.

तिथले कुलसचिव होते सी वुडसन कॅनडा. लिंकन विद्यापीठाच्या गुणपत्रिका येईपर्यंत अर्जदार कृष्णवर्णीय आहे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आल्यावर उत्तर ठरलेलं होतं. १९२१ चा कायदा आहे, शेजारच्या राज्यात जा, फी आम्ही भरू. शेजारची चार राज्यं, कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा आणि इलिनॉय, आपल्या विधी महाविद्यालयांत बाहेरच्या कृष्णवर्णीयांना घेत होती.

नकाशा काढून आम्ही ही अंतरं पाहिली. सेंट लुईसहून मिसुरी विद्यापीठ सुमारे दोनशे किलोमीटर. इलिनॉयचं विद्यापीठ तीनशेच्या आसपास. नेब्रास्काचं सातशेच्या पुढे. म्हणजे इलिनॉय निवडलं तर फरक शंभर किलोमीटरचा. पुण्याहून मुंबईला जाणारा मुलगा नाशिकला गेला तर आपण त्याला निर्वासित म्हणत नाही. राज्याचे वकील तेच सांगत होते. महाविद्यालय चांगलं आहे, अमेरिकन कायदा सगळीकडे सारखाच शिकवतात, फी आम्ही देतो. तक्रार कसली?

गेन्सच्या बाजूने उभे होते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. थर्गुड मार्शल यांना हॉवर्डमध्ये घडवणारे हेच गुरू. सोबत सेंट लुईसचे वकील सिडनी रेडमंड. १९३६ च्या उन्हाळ्यात कोलंबिया गावातल्या न्यायालयात खटला चालला आणि ते हरले. १९३७ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही हरले. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेलं.

१२ डिसेंबर १९३८ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन अशा मतांनी गेन्सच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांचं. त्यांचं म्हणणं आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. शेजारच्या राज्यातलं महाविद्यालय किती चांगलं आहे, तिथपर्यंत प्रवास किती, फी कोण भरतो, हा मुद्दाच नाही. मुद्दा असा की मिसुरी राज्य आपल्या गोऱ्या मुलांना काय देतं आणि कृष्णवर्णीय मुलांना काय नाकारतं. राज्याचं कर्तव्य राज्यानेच आपल्या हद्दीत पार पाडायचं असतं. शेजारी चांगला आहे म्हणून ते कर्तव्य त्याच्या अंगणात ढकलता येत नाही. मागणारा एकच आहे, हेही कारण चालणार नाही. हक्क व्यक्तीचा असतो, तो एकट्यालाही असतो.

निकालाचं मोल इथे आहे. मेरीलँडच्या न्यायालयाने खर्चाचं पारडं तोललं होतं. ह्यूज यांनी तराजूच बाजूला ठेवला. राज्याने सगळा खर्च दिला असता तरी अन्याय तसाच राहिला असता. कारण गोऱ्या मुलाला घरी राहण्याचा हक्क होता आणि परराज्यात जाणं हा त्याचा पर्याय होता. कृष्णवर्णीय मुलाला घर बंद होतं आणि परराज्यात जाणं ही त्याची सक्ती होती. प्रवास दोघांचा सारखाच दिसला तरी एक जात होता आणि दुसऱ्याला पाठवलं जात होतं.

फीच्या पावतीत न दिसणारं

पाठवलेल्यांचं पुढे काय होत असे? आयोवाच्या राज्य विद्यापीठाचं उदाहरण घ्या. वर्गात बसायला तिथे मनाई नव्हती. एलिझाबेथ कॅटलेट या पुढे नावाजलेल्या शिल्पकार स्त्रीने १९४० साली तिथूनच पदवी घेतली. पण कृष्णवर्णीयांना वसतिगृहाची दारं १९४६ सालापर्यंत बंद होती. दिवसभर वर्गात सर्वांबरोबर बसायचं आणि संध्याकाळी गावात कोणी खोली देतं का हे शोधायचं. पाठवणाऱ्या राज्याला याचा हिशेब द्यावा लागत नसे आणि घेणाऱ्या राज्यालाही नाही.

हे वाचताना आम्हाला १९१७ सालचं बडोदा आठवलं. कोलंबिया आणि लंडनहून परतलेल्या आंबेडकरांना शिष्यवृत्तीच्या करारामुळे बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. महाराजांनी शिकायला सातासमुद्रापार पाठवलं होतं. परत आल्यावर त्याच शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही हाकललं गेलं. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता, हे खरंच. पण शहराने जागा दिली नाही तर शिष्यवृत्तीचं दान अर्धंच राहतं. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात जातीजातींसाठी आणि आपल्या मुसलमान मुलांसाठीही वसतिगृहं काढली, त्यामागे हीच जाण होती. शाळेची फी माफ करणं सोपं असतं, रात्री पाठ टेकायला जागा देणं कठीण.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे परतीची वाट. गेलेला मुलगा तिकडेच रमला तर त्याच्या गावाला वकील कोण, डॉक्टर कोण? राज्याला ते हवंच होतं, असा संशय घ्यायला जागा आहे. शिकलेला, प्रश्न विचारणारा तरुण हद्दीबाहेर गेला की राज्याची डोकेदुखी कमी होते. पण सगळेच तसे निघाले नाहीत. अलाबामाच्या फ्रेड ग्रे यांना त्यांच्या राज्याच्या विद्यापीठात कायदा शिकता येत नव्हता. ते ओहायोतल्या क्लीव्हलँडला जाऊन शिकले आणि त्या शिक्षणाला अलाबामा राज्याचेच पैसे लागले. १९५४ साली ते वकील होऊन माँटगोमेरीला परतले. दुसऱ्याच वर्षी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचं वकीलपत्र त्यांनी घेतलं. बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५६ चा खटलाही त्यांनीच लढवला. राज्याने पैसे मोजून ज्याला बाहेर पाठवलं होतं, त्याने परत येऊन राज्यालाच न्यायालयात उभं केलं.

जिंकलेला मुलगा

आता गेन्सचं काय झालं ते सांगायला हवं. इथे आमची लेखणी जड होते.

निकाल लागला तेव्हा मिसुरीने त्याला आपल्या विद्यापीठात घेतलं नाही. निकालात पळवाट होती. राज्याने आपल्या हद्दीत समान सोय करावी एवढंच न्यायालयाने म्हटलं होतं, वेगळी सोय चालणार नाही असं म्हटलं नव्हतं. राज्याने पैसे मंजूर केले आणि १९३९ च्या सप्टेंबरात सेंट लुईसमध्ये लिंकन विद्यापीठाचं विधी महाविद्यालय घाईघाईने उघडलं. इमारत होती पूर्वी केसांच्या तेला-प्रसाधनांचा धंदा चालणारी. शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बाहेर फलक घेऊन निदर्शनं केली.

ते उघडलं तेव्हा गेन्स कुठेच नव्हता. खटला चालू असताना त्याने मिशिगन विद्यापीठातून अर्थशास्त्राची एम. ए. पदवी घेतली होती. म्हणजे घरी राहण्याच्या हक्कासाठी झगडणारा हा मुलगा तेवढ्या काळात परराज्यातल्या सरकारी विद्यापीठातच शिकत होता. निकालानंतर तो सभांतून बोलत फिरला, पण कायमची नोकरी मिळेना. काही दिवस पेट्रोल पंपावर काम केलं. मालक हलकं पेट्रोल भारी म्हणून विकतो हे कळल्यावर तेही सोडलं. मार्च १९३९ मध्ये त्याने आईला पत्र लिहिलं. आपण कोणाला नावाने ठाऊक नसलेला साधा माणूस असतो तर बरं झालं असतं, असा त्यात सूर होता. १९ मार्चला शिकागोतल्या मुक्कामावरून तिकिटं आणायला जातो असं सांगून तो बाहेर पडला. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही. वय सत्तावीस-अठ्ठावीस. मारला गेला की स्वतःच निघून गेला, हे आजवर उलगडलेलं नाही. फिर्यादीच नाही म्हटल्यावर खटला १९४० साली निकालात निघाला.

त्याची जागा लुसील ब्लुफर्ड या बाईने घेतली. कॅन्सस सिटीतल्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राची ती पत्रकार. मिसुरीची रहिवासी असून तिने पहिली पदवी शेजारच्या कॅन्सस राज्याच्या विद्यापीठातून घेतली होती. परराज्यात शिकण्याचा खर्च तिने एकदा भरला होता, आता तिला घरचं दार हवं होतं. १९३९ पासून तिने मिसुरी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाकडे अर्ज आणि खटले लावून धरले. विद्यापीठाने १९४२ साली तो पदव्युत्तर वर्गच बंद केला. तिला घेण्यापेक्षा कोणालाच न शिकवणं त्यांना बरं वाटलं.

मिसुरी विद्यापीठाचं दार उघडलं ते १९५० साली. पहिल्या तुकडीत अर्थशास्त्राचा विद्यार्थी गस रिजेल होता. वसतिगृहात त्याच्याबरोबर खोलीत राहायला कोणी गोरा तयार झाला नाही. त्याने दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात संपवला, कारण दुसऱ्या वर्षाचे पैसे नव्हते. म्हणजे दार उघडल्यावरही पैशाचा प्रश्न उरलाच होता. पण आता तो इतरांच्यासारखा पैशाचा प्रश्न होता. गेन्सचा निकाल पुढच्या खटल्यांची पायरी ठरला आणि १९५४ साली वेगळ्या शाळांचं तत्त्वच न्यायालयाने रद्द केलं. २००६ साली मिसुरी विद्यापीठाने लॉइड गेन्सला कायद्याची सन्मान्य पदवी दिली. वर्गात बसू न दिलेल्या मुलाला, तो हरवल्यावर सदुसष्ट वर्षांनी.

आपल्या अंगणात

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. तेव्हापासून मराठी मुलखाने त्या देशाच्या या दुखण्याकडे आपलं म्हणून पाहिलं आहे. म्हणूनच हा इतिहास आम्ही इथे मांडला.

सरहद्द माणसाला कसं बाहेरचं करते हे मराठवाड्यातल्या आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. १९१८ साली स्थापन झालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ त्यांचं घरचं विद्यापीठ होतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि घरचं विद्यापीठ एका रात्रीत परराज्यातलं झालं. औरंगाबादला विद्यापीठ यायला १९५८ साल उजाडलं. मुलं तीच होती, गावं तीच होती. रेघ सरकली होती.

आजही आपल्या वस्त्यांतून मुलं-मुली शिकायला दूर जातात. कोणी अलीगढला, कोणी हैदराबादला, कोणी दिल्लीला. त्यांतले अनेक आवडीने जातात आणि जावंच. इल्मसाठी सफर करणं ही आपली जुनी रीत आहे. पण काही जातात ते इथे घराजवळ कोणी खोली देत नाही म्हणून, किंवा इथल्या वर्गात आपल्याला जागा नाही असं त्यांना वाटायला लावलं गेलं म्हणून. पहिल्यांना शिष्यवृत्ती पुरते. दुसऱ्यांना शिष्यवृत्ती देऊन आपण समाज म्हणून मोकळे होऊ नये. त्यांच्यासाठी घराजवळचं दार ठोठावणारेही हवेत. आणि एक दोष आमच्या स्वतःच्या घराचाही सांगतो. मुलाला बाहेर पाठवायला कर्ज काढणारे आम्ही, मुलीला मात्र 'जवळ आहे तेच बस' म्हणतो. तिच्यासाठी जवळचं हीच सक्ती होते. मिसुरीने दार बंद करून पाठवलं, आम्ही दार बंद करून ठेवून घेतो. दोन्हीकडे निवड तिची नसते.

भाचीला आम्ही पुन्हा फोन केला. गेन्सची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "म्हणजे मामू, मी कुठे जाऊ?"

आम्ही म्हटलं, "बेटा, फीचा हिशेब तुझे अब्बा करतील, तो त्यांना आमच्यापेक्षा चांगला येतो. तू एवढंच बघ की तुझ्या राज्याचं दार तुला उघडं आहे. ते उघडं असताना तू पलीकडे गेलीस तर तो तुझा शौक, आणि तिप्पट फी ही त्या शौकाची किंमत. परवडली तर दे, नाही परवडली तर घरी शीक, त्यात कमीपणा नाही. तुझ्या राज्यात एक मुलगा फक्त घरी शिकायला मिळावं म्हणून..."

"माझं राज्य मिसुरी नाही, मामू," ती हसून म्हणाली.

खरं होतं. आम्हीही हसलो. पण फोन ठेवल्यावर वाटलं, ते दार कोणत्या राज्यात आधी ठोठावलं गेलं हे महत्त्वाचं नाही. आज ती दोन पत्रं समोर ठेवून निवड करते आहे. त्या निवडीचा खर्च सेंट लुईसच्या एका मुलाने आधीच भरून ठेवला आहे, आणि त्याची पावती कोणाच्याच हिशेबाच्या वहीत नाही.